उकळीआधीचा दीड तास

थोरलीचा कुणावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. प्लास्टरचं पोतं आलं की आधी चिमूटभर बोटांत चोळून बघायची. पोत्यावर काय छापलंय याला तिच्या लेखी काडीची किंमत नव्हती. डॉक्टरने चिठ्ठीवर दाताच्या रंगाचा नंबर लिहून पाठवला की ती तो वाचायची, "बरं" म्हणायची, आणि सोबत जुना तुटका दात आला असेल तर खिडकीशी नेऊन रंग स्वतः पुन्हा जुळवायची. नवे दात पट्टीवर चिकटून येतात, सहा पुढचे आणि आठ मागचे. तेही ती मोजायची. एकतीस वर्षांत दोनदा कमी भरले होते. ते दोन किस्से तिने इतक्या वेळा सांगितले होते की ऐकणाऱ्याला वाटावं, दर आठवड्याला कमीच येतात.

थोरली कवळ्या करायची. दवाखान्यांतून हिरड्यांची मापं यायची, त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचा, त्यावर मेणात दात बसवायचे, मग सगळं पितळी साच्यात बंद करून मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी गुलाबी मसाला दाबून पाण्यात शिजवायचा. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे सगळं चाले. बाहेरच्या खोलीत मालकांचं टेबल आणि फोन. आतल्या खोलीत मोरी, पाण्याची टाकी, पॉलिशचं चाक आणि हात लावाल तिथे पांढरी धूळ. ज्यांच्यासाठी दात बनत ती माणसं हा जिना कधी चढत नसत. हजारो जबडे थोरलीच्या हाताखालून गेले होते, चेहरा एकाचाही पाहिलेला नव्हता. तिला ते बरंच वाटे. चेहरा बघितला की माणूस भुलतो, असं तिचं म्हणणं.

थोरली हे घरातलं नाव. घरात दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. वडील एका गोदामाचे राखणदार, आणि रखवाली त्यांच्या स्वभावातच भिनलेली. थोरली सोळा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी दोघींना समोर बसवून निकाल दिला. "एकीनं हाताचं काम शिकायचं, म्हणजे घर चालेल. एकीनं कॉलेजात जायचं, म्हणजे चार माणसांत घराची मान वर राहील." कोणी काय करायचं हे त्यांनी विचारलं नाही. थोरली आधी जन्मली होती, घर आधी चालायला हवं होतं, त्यामुळे हिशोब सरळ होता.

मग दोन वर्षांचा कोर्स. पहिल्याच महिन्यात शिकवणारे मास्तर म्हणाले, साचा आधी गरम पाण्यात दीड तास ठेवायचा, पाणी उकळू द्यायचं नाही, आणि मगच उकळी आणायची. थोरलीने हात वर केला. "सर, आधीच उकळत्या पाण्यात का नाही टाकायचं?" मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "'का' शिकायचं असेल तर रस्त्याच्या पलीकडे कॉलेज आहे. इथे 'कसं' शिकवतात." वर्ग खो खो हसला. थोरलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला तो कायमचा. त्याच आठवड्यात एका मुलाने घाईने साचा थेट उकळीत टाकला आणि त्याची कवळी आतून भोकाभोकांची निघाली. थोरलीने ते बघून ठेवलं. असं केलं की असं होतं, एवढं तिला पुरे होतं. निदान पुरे आहे असं तिने ठरवलं.

आणि 'कसं' मात्र ती अशी शिकली की बोलायची सोय नाही. अठराव्या वर्षी पगार घरी आला. धाकटी तेव्हा कॉलेजात इतिहास वाचत होती, आणि पुढे चोवीस वर्षांची होईपर्यंत वाचतच होती. त्यानंतरची चार वर्षं धाकटीने शिकवण्या घेतल्या, एका छापखान्यात मुद्रितं तपासली, काही महिने नुसती खिडकीत बसून काढली. थोरली त्या चार वर्षांत फार खुशीत होती. संध्याकाळी हात धुता धुता ती मोठ्याने विचारायची, "काय गं, राजे लोक काय म्हणतात आज?" धाकटी हसायची. तिचं ते हसणं थोरलीला कधी सरळ वाटलं नाही. ही शिकलेली माणसं हसतात तेव्हा आपल्यालाच हसतात, असा तिचा पक्का संशय होता.

पुढे धाकटीची गाडी मार्गी लागली. छापखान्यातून एका संग्रहालयात, तिथून वाचनालयात, तिथून एका मोठ्या कचेरीत अहवाल लिहायला. दर वेळी नवं काम, आणि दर वेळी पहिला महिना ती रडकुंडीला आलेली. थोरली मात्र त्याच खुर्चीवर. "मला कुठे धावायला लागत नाही," ती म्हणायची. "माझं काम माझ्याकडे चालत येतं."

हे एकतीस वर्षं खरं होतं. मग एका सोमवारी मालकांनी सांगितलं की मशीन येतंय.

हे मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. पस्तिशीचा, सभ्य, थोरलीला "बाई" म्हणणारा आणि तिच्या डोळ्याला डोळा देऊन वाईट बातमी सांगता न येणारा. मशीन कसं, तर कॉम्प्युटरवर जबड्याचं चित्र घ्यायचं आणि मशीन ठोकळ्यातून दात कोरून काढणार. "कोणा एकाला सहा आठवडे शिकायला पाठवायचंय," मालक कपाटाकडे बघत म्हणाले. कोणाला, ते बोलले नाहीत. थोरलीनेही विचारलं नाही. आणि बुधवारी ती मुलगी आली.

चोवीस-पंचवीसची, खांद्याला लांब पट्ट्याची पिशवी, हातात वही. मालक म्हणाले, "बाई, हिला सगळं दाखवा." थोरलीने विचारलं, "काय शिकलीस?" मुलगी म्हणाली, "तत्त्वज्ञान." थोरलीने हातातला चाकू खाली ठेवला. तत्त्वज्ञान शिकलेली मुलगी प्लास्टर कालवायला येते, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात मुलीचं नाव पदवीबाई ठेवलं, आणि डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवली.

पुरावे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी थोरली जिना चढून आली तर मालक आणि पदवीबाई हळू आवाजात बोलत होते. तिला बघताच मालक म्हणाले, "बाई, नळाला पाणी आहे ना?" त्या इमारतीत नळाचं पाणी कधीच गेलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी मालकांच्या टेबलावर मशीनवाल्यांचा अर्ज दिसला. कागद तिच्या दृष्टीने उलटा होता, पण मापांत सगळं उलटंच असतं, उलटं बघायची तिला सवय. शिक्षण, या रकान्यापुढे छापलं होतं: कोणतीही पदवी. कोणतीही. दातांची नव्हे, यंत्रांची नव्हे, राजांची किंवा तत्त्वज्ञानाची असली तरी चालेल. एकतीस वर्षं मात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. ही खुर्ची गेली तर दुसरी कुठली खुर्ची तिला ओळखत नव्हती.

त्यात ती वही. पदवीबाई सगळं लिहून घ्यायची. मेण किती तापवलं, चाकू कसा धरला, दात कुठल्या क्रमाने बसवले. माझं एकतीस वर्षांचं काम चोरून ही सहा आठवड्यांत माझ्या जागी बसणार, हे थोरलीला आता दिसतच होतं. आणि वर हिचे प्रश्न. "बाई, पुढचा दात थोडा वाकडा का बसवलात?" "बाई, इथे मसाला जास्त का भरला?" दर वेळी का. थोरलीला वाटे, ही परीक्षा घेतेय. मालकांनीच सांगितलं असणार, म्हातारीला काय येतं ते बघ जरा.

एके दुपारी टाकीपाशी उभं राहून पदवीबाईने विचारलं, "बाई, आधी दीड तास नुसत्या गरम पाण्यात का ठेवायचं? थेट उकळी दिली तर काय बिघडतं?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न, तोही आपल्यालाच, आणि उत्तर अजून नाही. "तसंच असतं ते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलीने पुन्हा तेच विचारलं. तेव्हा थोरली शांतपणे म्हणाली, "घाई असली तर थेट उकळीत टाकलं तरी चालतं गं. अर्ध्या तासात होतं. मी आपली सवयीनं थांबते."

मुलीने तिच्याकडे जरा बघितलं, मग वहीत लिहिलं. थोरलीने मान फिरवून चाक सुरू केलं.

घाईचं काम दहा दिवसांत आलं. एका म्हाताऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी पहाटे परगावी जायचं होतं. पूर्ण कवळी त्याच दिवशी चार वाजता दवाखान्यात हवी होती. थोरलीने सकाळी दात बसवून दिले, साचा बंद केला आणि म्हणाली, "मला डोळे दाखवायला जायचंय. पुढचं ही करेल. हिला सगळं माहीत आहे." डोळे दाखवायचं सहा महिने टळत होतं हे खरं होतं. पण आजच का निघाली, हे तिचं तिलाच ठाऊक.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती गेलीच नाही. गेली धाकटीकडे. धाकटी घरूनच काम करत होती, टेबलावर कागदांचा ढीग. थोरली खुर्चीवर टेकली आणि भडाभडा सगळं बोलून मोकळी झाली. तिला वाटलं होतं धाकटी म्हणेल, बरं केलंस. धाकटी म्हणाली, "ताई, तू तिला मुद्दाम चुकीचं शिकवलंस?"

"ती माझी जागा घेतेय!"

"आणि त्या म्हातारीनं काय घेतलंय तुझं?"

थोरली उगाच उसळून म्हणाली, "एवढी शिकलीस ना तू, मग सांग. थेट उकळीत टाकल्यावर भोकं का पडतात?"

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली.

घड्याळात किती वाजले ते सांगावं तितक्या सहज. थोरली बघतच राहिली. "एवढी वर्षं कॉलेजात काय केलंस मग?"

"ताई, प्रत्येक नव्या नोकरीत मी पहिल्या दिवशी हेच म्हणाले. मला माहीत नाही, सांगा. लाज वाटायची, पण म्हणायचे. तुला वाटतं मी फार हुशार झाले म्हणून टिकले? तुझ्यासारखं एकही काम मला नीट येत नाही. मला फक्त पुन्हा पहिल्या बाकावर बसता येतं."

यात काहीतरी टोमणा असणार म्हणून थोरली तो शोधत राहिली. सापडेना, तेव्हा पिशवी उचलून निघाली. रस्त्याने तिला त्या म्हातारीचा जबडा आठवत होता. खालची हिरडी झिजून अगदी बारीक झालेली. अशा हिरडीवर कवळी जाड करावी लागते, आणि जाडीतच भोकं पडतात.

ती पोचली तेव्हा पावणेचार झाले होते. आतल्या खोलीत कोणी नव्हतं. टाकीला हात लावला. गरम होती, उकळत नव्हती. आत साचा तसाच, भिंतीवर खडूने वेळ लिहिलेली: अडीचला ठेवला. म्हणजे चारला उकळी, मग गार व्हायला वेळ. सहाच्या आधी होत नाही. पोरीने तिचं ऐकलंच नव्हतं.

टेबलावर वही होती. थोरलीने इकडेतिकडे बघितलं आणि उघडली. अक्षर बारीक, सरळ. एका पानावर लिहिलं होतं: "दीड तास का, बाईंना दोनदा विचारलं. वाचनालयात सापडलं. मसाला घट्ट होताना स्वतःच तापतो. बाहेरून उकळी दिली तर आतल्या द्रवाची वाफ होते आणि बाहेर पडायच्या आत सगळं घट्ट होतं. वाफ अडकते तिथे भोक. जाड भागात जास्त, कारण तिथली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. बाई बरोबर करतात."

थोरलीने ते तीनदा वाचलं. सोळाव्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. इतकं साधं, चार ओळींत मावणारं, आणि हे तिला तेहतीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. तिनेही पुन्हा कुणाला विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि मग खालची ओळ दिसली.

"पण बाई म्हणाल्या, थेट उकळीत चालतं. मी तेवीस वेळा पाहिलंय, त्यांनी एकदाही तसं केलेलं नाही. बाईंच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या हातांवर विश्वास ठेवायचा. मला उलटं का सांगितलं असेल?"

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. तिने वही मिटली. पदवीबाई चहाचे दोन पेले घेऊन आली आणि तिच्यामागे मालक.

"बाई, बरं झालं आलात," मालक म्हणाले. "दोन गोष्टी आहेत. मशीनच्या शिक्षणाला हिला पाठवतोय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोललो नाही. ते लोक पदवीशिवाय घेत नाहीत, मी फोनवर भांडून बघितलं." थोरलीच्या मनात आलं, माझा संशय खरा होता. "पण पुढच्या महिन्यात चार मुली येतायत शिकायला. मशीन दात कोरेल. बसवणं, घासणं, हिरडीवर नीट आणणं हातानंच होणार. त्या चौघींना तुम्ही शिकवायचं. वरचा पगार, शिकवण्याची वेगळी खोली. हीच मला वही दाखवून सांगत होती, बाईंसारखं शिकवणारं कोणी मिळणार नाही."

थोरलीने टेबलावरचा चाकू उचलून जागेवर ठेवला.

"फक्त आजचं सांगा. डॉक्टर माझ्यावर ओरडला, कवळी सहानंतर जाणार म्हणून. ही म्हणते, घाई असली तरी सावकाशच तापवायचं, असं बाईंनी शिकवलंय. तुम्हीच शिकवलंत ना?"

पदवीबाई पेल्यातल्या चहाकडे बघत उभी होती. थोरलीने नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर, आणि खोली तिची, चार मुली तिच्या, जागा पक्की. पण थोरली ती थोरलीच. ही पोरगी मला वाचवतेय, का? फुकट कोण कोणाला वाचवतं? आज वाचवेल आणि जन्मभर माझी शेंडी हातात धरून बसेल. उद्या काही बिनसलं की मालकांपुढे वहीतलं ते पान उघडेल. नाही, हिच्या मेहेरबानीवर मी एक दिवस काढणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी हिला थेट उकळीत टाकायला सांगितलं होतं. मुद्दाम. काम बिघडावं म्हणून."

या वेळी मात्र मालकांनी कपाटाकडे बघितलं नाही, सरळ तिच्याकडे बघितलं. "मग बाई, त्या चौघींना तुम्ही खरं शिकवताय की खोटं, हे मी कसं ओळखू?"

चार वाजले होते. थोरलीने टाकीची आच वाढवली.

"तुमचं टेबल तुमचंच राहील," ते म्हणाले. "शिकवायचं काम मशीन शिकून आल्यावर हीच बघेल."

सहा वाजता कवळी निघाली. थोरलीने ती स्वतः घासली. एकही भोक नव्हतं. घरी जाताना जिन्यावर पदवीबाईने तिला गाठलं. "बाई, कशाला सांगितलंत? मी कधीच बोलले नसते. आणि मी खोटंही बोलले नव्हते. तुम्ही करताना बघूनच शिकले मी."

थोरलीने जिन्याच्या खिडकीतल्या उजेडात तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तयार कवळीत बारीकसा बुडबुडा शोधावा तसं, कोपऱ्याकोपऱ्यातून. काही सापडलं नाही. मुलगी खरंच बोलली नसती. आपण काय घालवलं हे तेव्हा तिला कळलं, आणि ती कठड्याला धरून लहान पोरीसारखी रडली.

सहा आठवड्यांनी मशीन आलं, चार मुली आल्या. त्यांना शिकवायला पदवीबाई. बाईंनी शिकवायचं नाही हा मालकांचा शब्द मोडायचा नव्हता, म्हणून तिने एक युक्ती काढली. रोज सकाळी ती चौघींना थोरलीच्या टेबलापाशी आणून उभी करायची. "बाईंशी बोलायचं नाही, त्यांना काही विचारायचं नाही. नुसते हात बघायचे आणि लिहायचं." हा मान आहे की शिक्षा, हे थोरलीला ठरवता येईना. पहिले काही दिवस तिने त्यातही काहीतरी काळंबेरं शोधून बघितलं.

मग एके सकाळी तिने साचा उचलला आणि टाकीतल्या गरम पाण्यात सोडला. चार माना पुढे झुकल्या, चार वह्यांत लिहिलं गेलं: दीड तास, उकळू द्यायचं नाही. थोरली झाकण हातात धरून उभी राहिली. आता तिला सगळं सांगता आलं असतं, मसाला का तापतो, वाफ कुठे अडकते, जाडीत जास्त का. एक जरी पोरगी म्हणाली असती, "का?" तरी चाललं असतं. चौघी शहाण्यासारख्या गप्प होत्या. थोरलीने थोडी वाट पाहिली. मग झाकण ठेवलं आणि दुसरं काम हातात घेतलं.